बी.एस्सी. भौतिकशास्त्र (महाराष्ट्र)

बी.एस्सी. भौतिकशास्त्र ही विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मिळवली जाणारी पहिली विद्यापीठीय पदवी आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत हा अभ्यासक्रम बारावीनंतर तीन वर्षांचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार त्याला चौथ्या, म्हणजे ऑनर्सच्या वर्षाची जोड देण्यात आली आहे. विद्यापीठाचे अभ्यास मंडळ अभ्यासक्रम ठरवते, संलग्न महाविद्यालये तो शिकवतात आणि पदवी विद्यापीठ देते. स्वायत्त महाविद्यालये अभ्यासक्रम व परीक्षा यांची आखणी स्वतः करतात, मात्र पदवी विद्यापीठाचीच असते.

या पदवीचे शिक्षण तीन गोष्टींवर उभे असते: सिद्धांत, तो मांडण्यासाठी लागणारे गणित आणि प्रयोगशाळेतील मापन. महाराष्ट्रात यात चौथ्या गोष्टीची भर पडते. शालेय विज्ञान मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला हे तिन्ही विषयांग इंग्रजीतून आत्मसात करावे लागते.

संज्ञा

मराठीत या विषयासाठी तीन नावे रूढ आहेत. एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुस्तकांत ‘पदार्थविज्ञान’ हे नाव आढळते आणि जुन्या पिढीच्या बोलण्यात ते अजूनही येते. मराठी विश्वकोशाने ‘भौतिकी’ ही संज्ञा स्वीकारली. शालेय पाठ्यपुस्तके आणि विद्यापीठांचे विभाग ‘भौतिकशास्त्र’ हे नाव वापरतात. महाविद्यालयीन विद्यार्थी मात्र सर्रास ‘फिजिक्स’ म्हणतात. पदवीच्या तीन वर्षांना एफ.वाय., एस.वाय. आणि टी.वाय. म्हणण्याची प्रथा आहे.

इतिहास

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. आरंभी विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते आणि अध्यापन एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन यांसारख्या महाविद्यालयांत चाले. विद्यापीठ आणि महाविद्यालय यांच्यातील कामाची ही वाटणी पदवीस्तरावर आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. सुरुवातीच्या काळात पदार्थविज्ञान हा कला शाखेच्या पदवीतीलच एक विषय होता आणि तो गणिताच्या जोडीने शिकवला जाई. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी गणित व पदार्थविज्ञानाचे अध्यापन केले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी होते. विज्ञानाची स्वतंत्र पदवी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली.

पुढील काळात विज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयांची संख्या वाढली. पुण्यात १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९१६ मध्ये आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय स्थापन झाले. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले. मुंबईतील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत १९२० पासून अध्यापन सुरू झाले आणि प्रगत प्रयोगशाळांची सोय झाली.

त्या काळी पदवीसाठी एक प्रधान आणि एक दुय्यम विषय घेण्याची पद्धत होती. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली, तेव्हा रसायनशास्त्र हा त्यांचा प्रधान व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेली मुख्य व गौण विषयांची रचना या जुन्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे.

विद्यापीठांचे जाळे मुंबईबाहेर हळूहळू विस्तारले. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये, पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये, औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. पुढे अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर व गडचिरोली येथेही विद्यापीठे सुरू झाली. त्यामुळे जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी राहून भौतिकशास्त्राची पदवी घेणे शक्य झाले. गोव्यातील महाविद्यालये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत, म्हणजे १९८५ पर्यंत, मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे तेथील विद्यार्थी मुंबईचाच अभ्यासक्रम शिकत असत.

पदवीचा आजचा कालावधी १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाच्या शिफारशींतून आला. दहा वर्षे शाळा, दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि तीन वर्षे पदवी हा आकृतिबंध या आयोगाने सुचवला. आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्यापूर्वी अकरावीला मॅट्रिक झाल्यावर महाविद्यालयात चार वर्षे शिकून बी.एस्सी. होता येत असे. इंटर सायन्स, ज्युनिअर बी.एस्सी. आणि सीनिअर बी.एस्सी. हे शब्द त्या रचनेतील आहेत.

प्रवेश

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी बी.एस्सी.च्या प्रथम वर्षासाठी पात्र असतो. भौतिकशास्त्र हा मुख्य विषय घेणाऱ्याने बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतलेले असणे बहुतेक ठिकाणी आवश्यक किंवा अपेक्षित असते. बारावीला गणिताऐवजी जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना म्हणून हा मार्ग अवघड जातो. अभियांत्रिकीसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा असते, तर पारंपरिक बी.एस्सी.चे प्रवेश प्रामुख्याने बारावीच्या गुणांवर आणि आरक्षणाच्या नियमांनुसार होतात.

अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशफेऱ्या आणि बी.एस्सी.चे प्रवेश साधारण एकाच सुमारास चालतात. त्यामुळे प्रथम वर्षाच्या वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी असतात. काहींनी विषयाच्या आवडीने ही शाखा निवडलेली असते, तर काहींना इतरत्र प्रवेश मिळालेला नसतो. या दुसऱ्या गटातील काही विद्यार्थी पहिल्या वर्षातच शाखा बदलतात, तर काही विषयात रमतात आणि पुढे संशोधनाकडेही वळतात.

अभ्यासक्रमाची रचना

जुन्या त्रैवार्षिक रचनेत विद्यार्थी अनेक विषयांपासून सुरुवात करून अखेरीस एका विषयावर येत असे. पुणे विद्यापीठात प्रथम वर्षाला चार विज्ञान विषय असत आणि तृतीय वर्षाला एकच मुख्य विषय उरे. मुंबई विद्यापीठात प्रथम वर्षाला तीन विषय असत आणि तृतीय वर्षाला सहा घटकांचा एकच विषय घेता येई. या पद्धतीत विद्यार्थ्याला विषय पारखण्यासाठी दोन वर्षे मिळत, पण भौतिकशास्त्राचा सखोल भाग मात्र शेवटच्या वर्षात एकवटत असे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत वार्षिक परीक्षांची जागा सत्र पद्धतीने आणि श्रेयांक पद्धतीने घेतली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३–२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून सुरू झाली. प्रत्येक सत्रात २० ते २२ श्रेयांक असतात. एका सैद्धांतिक श्रेयांकासाठी सत्रभरात १५ तासांचे अध्यापन धरले जाते आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरले जातात. म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकासाठी पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला चार तास प्रयोगशाळेत काढावे लागतात.

मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय घ्यावा लागतो. भौतिकशास्त्राबरोबर गणित, इलेक्ट्रॉनिक्स, रसायनशास्त्र किंवा संगणकशास्त्र हे गौण विषय सामान्यतः निवडले जातात. त्याशिवाय दुसऱ्या विद्याशाखेतील खुले ऐच्छिक विषय, कौशल्याधारित विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण यांनाही श्रेयांक आहेत.

या रचनेतून मध्येच बाहेर पडण्याची सोय आहे. ठरावीक अतिरिक्त कौशल्य श्रेयांक पूर्ण केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळते. तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा पर्याय असतो आणि त्यात संशोधन प्रकल्प करावा लागतो. मिळवलेले श्रेयांक राष्ट्रीय स्तरावरील शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा होतात.

शिकवले जाणारे विषय

विद्यापीठागणिक तपशील बदलत असले तरी विषयांचा क्रम बराचसा सारखा असतो. प्रथम वर्षाला यामिकी, द्रव्याचे गुणधर्म, उष्णता व ऊष्मागतिकी आणि विद्युत व चुंबकत्व हे विषय असतात. यातील बराच आशय बारावीत ओझरता येऊन गेलेला असतो. मात्र तेथे सूत्र दिलेले असते आणि येथे ते सिद्ध करावे लागते.

द्वितीय वर्षाला दोलने, तरंग व ध्वनी, प्रकाशशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी आणि गणिती पद्धती हे विषय येतात. व्यतिकरण, विवर्तन व ध्रुवण हे प्रकाशाच्या तरंगरूपाचे पुरावे या वर्षी अभ्यासले जातात. डायोड, ट्रान्झिस्टर व क्रियात्मक विवर्धक यांची ओळखही याच वर्षी होते.

तृतीय वर्षात अभिजात यामिकी, विद्युत्‌गतिकी, पुंजयामिकी, सांख्यिकीय भौतिकी, घन अवस्था भौतिकी, अणू व रेणू भौतिकी, अणुकेंद्रीय भौतिकी आणि संगणकीय भौतिकी असे विषय असतात. संगणकीय भागात पूर्वी सी ही भाषा शिकवली जाई. अलीकडे अनेक ठिकाणी पायथन शिकवली जाते.

या विषयांमधील दुवे अभ्यासक्रमाच्या अखेरीस स्पष्ट होतात. हायड्रोजनच्या वर्णपटातील ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीची लाल रेषा विद्यार्थी प्रयोगशाळेत वर्णपटमापीने पाहतो. अणुभौतिकीत तीच रेषा बामर श्रेणीची पहिली रेषा म्हणून भेटते. पुंजयामिकीत श्रोडिंगर समीकरण सोडवून हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या काढल्या, की ती रेषा तिसऱ्या व दुसऱ्या पातळीतील ऊर्जेचा फरक असल्याचे गणिताने मिळते. एकच निरीक्षण प्रकाशशास्त्र, अणुभौतिकी आणि पुंजयामिकी यांना असे जोडते. हे विषय स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत विभागलेले असल्यामुळे तो दुवा दाखवून देण्याचे काम शिक्षकावर येते.

गणिताचे स्थान

बारावीपर्यंत विद्यार्थ्याला एकचल कलनशास्त्र, सदिश आणि सारणिके यांची ओळख असते. पदवीच्या पहिल्या वर्षात अवमंदित दोलनासाठी द्वितीय कोटीचे अवकल समीकरण लागते. विद्युत्‌चुंबकत्वात सदिश कलनशास्त्र आल्याशिवाय मॅक्सवेलची चार समीकरणे लिहिताही येत नाहीत. पुंजयामिकीसाठी संमिश्र संख्या, आंशिक अवकलन, सारण्या आणि आयगेनमूल्ये यांची गरज असते.

ही साधने गणिताच्या तासाला शिकवली जाईपर्यंत भौतिकशास्त्राच्या तासाला त्यांचा वापर सुरू झालेला असतो. म्हणून विद्यापीठांनी ‘भौतिकशास्त्रातील गणिती पद्धती’ हा वेगळा विषय अभ्यासक्रमात ठेवला आहे. गणित हा गौण विषय न घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी या विषयाला विशेष महत्त्व असते.

प्रात्यक्षिके

प्रयोगशाळेतील काम हा या पदवीचा अविभाज्य भाग आहे. प्रथम वर्षाला व्हर्निअर कॅलिपर, सूक्ष्ममापी स्क्रू, दंडलोलक, जडचक्र, स्टोक्सच्या पद्धतीने विष्यंदिता व वाकणाऱ्या पट्टीवरून यंगचा गुणांक हे प्रयोग असतात. द्वितीय वर्षाला न्यूटनची वलये, विवर्तन जाळी, झेनर डायोडचा विभव-नियंत्रक व एलसीआर मंडलातील अनुस्पंदन हे प्रयोग येतात. तृतीय वर्षाला इलेक्ट्रॉनचा प्रभार व वस्तुमान यांचे गुणोत्तर, प्लांकचा स्थिरांक, अर्धसंवाहकाचा ऊर्जापट्टांतर व मायकेलसनचे व्यतिकरणमापी यांपर्यंत मजल जाते.

या प्रयोगांचा हेतू नवे काही शोधणे हा नसतो. उत्तर आधीच ठाऊक असते. आपले मापन त्या उत्तराच्या किती जवळ जाते आणि उरलेल्या फरकाचे कारण काय, हे सांगता येणे हा त्यामागचा हेतू असतो. साध्या लोलकाच्या प्रयोगावरून हे स्पष्ट होते. एक मीटर लांबीच्या लोलकाचे एक दोलन सुमारे २ सेकंदांत पूर्ण होते. वीस दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. थांबघड्याळ चालू व बंद करताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर आवर्तकालात अर्धा टक्का चूक येते. गुरुत्व त्वरण आवर्तकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे त्यात ती दुप्पट, म्हणजे एक टक्का होते. शालेय पुस्तकांत गुरुत्व त्वरण ९.८ किंवा ९.८१ मीटर प्रति वर्ग सेकंद दिलेले असते. पुण्याचे अक्षवृत्त आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लक्षात घेता तेथे ते सुमारे ९.७८ आहे. हा फरक अवघा ०.३ टक्क्यांचा असल्यामुळे वीस दोलनांच्या मापनात तो दिसू शकत नाही. शंभर दोलने मोजली तर वेळेमुळे येणारी चूक ०.२ टक्क्यांवर येते. त्यातच लोलकाची लांबी मिलिमीटरपर्यंत अचूक मोजली, तर पुण्यातील मूल्य पुस्तकातील मूल्यापेक्षा कमी असल्याचे कळू लागते.

न्यूटनच्या वलयांच्या प्रयोगातही पद्धतीला असेच महत्त्व असते. बहिर्गोल भिंग आणि सपाट काच यांच्यामधील हवेच्या पातळ थरामुळे सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात एककेंद्री काळी व उजळ वलये दिसतात. भिंगाच्या पृष्ठाची वक्रता त्रिज्या एक मीटर असेल, तर दहाव्या काळ्या वलयाचा व्यास सुमारे ४.९ मिलिमीटर भरतो आणि तो चल सूक्ष्मदर्शकाने मोजला जातो. एकाच वलयाच्या व्यासावरून तरंगलांबी काढली तर उत्तर फसवे येऊ शकते, कारण भिंग व काच यांच्यामध्ये धुळीचा एखादा कण असला तरी वलयांचा क्रमांक बिघडतो. म्हणून दोन वलयांच्या व्यासवर्गांचा फरक घेतात. त्यात ही चूक वजा होऊन जाते.

प्रत्येक प्रयोगाची नोंद प्रयोगवहीत करावी लागते. हिला विद्यार्थी ‘जर्नल’ म्हणतात. तीत उद्देश, आकृती, निरीक्षण तक्ता, आलेख, आकडेमोड व निष्कर्ष असा क्रम असतो. शिक्षकांनी तपासलेली व विभागप्रमुखांनी प्रमाणित केलेली प्रयोगवही नसल्यास प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही.

मूल्यमापन

प्रत्येक विषयाचे गुण अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रान्त परीक्षा यांत विभागलेले असतात. अंतर्गत भागात चाचण्या, गृहपाठ, सादरीकरणे इत्यादींचा समावेश होतो. उत्तीर्णतेसाठी साधारणतः ४० टक्के गुण लागतात. निकाल श्रेणी व श्रेणीगुणांच्या सरासरीत दिला जातो.

प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला आयत्या वेळी एक प्रयोग दिला जातो. ठरलेल्या वेळात जोडणी, निरीक्षणे, आलेख व उत्तर पूर्ण करावे लागते. त्यानंतर परीक्षक तोंडी प्रश्न विचारतात. लेखी परीक्षेत पाठांतर चालून जाऊ शकते, पण तोंडी परीक्षेत उपकरणाचे लघुतम माप, शून्य दोष किंवा आलेखाच्या चढाचा अर्थ विचारला की विषय समजला आहे की नाही ते उघड होते.

माध्यमभाषा आणि पाठ्यपुस्तके

पदवीस्तरावर भौतिकशास्त्राचे अध्यापन, पाठ्यपुस्तके व परीक्षा प्रामुख्याने इंग्रजीत असतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी हा बदल बहुधा अकरावीतच सुरू होतो. शाळेत शिकलेले वेग, त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द तेथे व्हेलॉसिटी, अॅक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया होतात. ‘सेमी-इंग्रजी’ वर्गांत गणित व विज्ञान आधीपासून इंग्रजीत शिकवून हा बदल सौम्य करण्याचा प्रयत्न केला जातो. प्रत्यक्षात महाविद्यालयांतील अनेक वर्गांत फळ्यावरचे लेखन इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत अशी मिश्र रीत चालते.

पारिभाषिक मराठी शब्द अर्थवाही असतात. ‘जडत्व’ किंवा ‘अनुस्पंदन’ हा शब्द आपला अर्थ बऱ्याच अंशी स्वतःच सांगतो. मात्र काही ठिकाणी भारतीय भाषांमध्येच भेद आहेत. मराठीत मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण ‘अणू’ आणि अणूंच्या संयोगाने बनणारा ‘रेणू’ असतो. हिंदीत पहिल्याला ‘परमाणु’ आणि दुसऱ्याला ‘अणु’ म्हणतात. त्यामुळे हिंदी पुस्तक वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा गोंधळ उडू शकतो. प्रकाशाच्या संदर्भात जुन्या मराठी पुस्तकांतील ‘वक्रीभवन’ आणि नव्या पुस्तकांतील ‘अपवर्तन’ ही दोन्ही एकाच घटनेची नावे आहेत.

मराठीतून विद्यापीठीय स्तरावरील विज्ञानग्रंथ उपलब्ध करण्याचे काम महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने केले. शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश तयार केले. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञानप्रसार करते. मराठी विश्वकोशातील भौतिकीवरील नोंदी पदवीच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडतात. तथापि परीक्षा इंग्रजीत असल्यामुळे मराठी ग्रंथांचा वापर पूरक वाचनापुरता राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण भारतीय भाषांतून उच्च शिक्षण देण्याला उत्तेजन देते.

इंग्रजी पाठ्यपुस्तकांपैकी रेझ्निक व हॅलिडे यांचे ‘फिजिक्स’, आर्थर बायझर यांचे ‘कन्सेप्ट्स ऑफ मॉडर्न फिजिक्स’, अजय घटक यांचे ‘ऑप्टिक्स’, डेव्हिड ग्रिफिथ्स यांची विद्युत्‌गतिकी व पुंजयामिकीवरील पुस्तके आणि चार्ल्स किटेल यांचे घन अवस्था भौतिकीवरील पुस्तक यांचा संदर्भग्रंथ म्हणून मोठ्या प्रमाणावर वापर होतो. अनेक विद्यार्थी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला अनुसरून स्थानिक प्रकाशकांनी काढलेल्या पुस्तकांवरच विसंबतात.

पदवीनंतरचे मार्ग

पदवीनंतर एम.एस्सी. हा सर्वाधिक परिचित मार्ग आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची असते. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतल्यास ती एका वर्षात पूर्ण करण्याची तरतूद आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थांमधील एम.एस्सी. प्रवेशासाठी जॅम ही राष्ट्रीय परीक्षा घेतली जाते. भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय स्तरावर भौतिकशास्त्राची परीक्षा घेते.

महाराष्ट्रातील संशोधनसंस्था या विद्यार्थ्यांना जवळच्या आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था व भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्र व खगोलभौतिकीची आंतरविद्यापीठीय संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीस्तरावरील विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी पदवी शिकत असतानाच मार्गदर्शकाबरोबर प्रकल्प करतात.

बी.एड. करून माध्यमिक शाळेत विज्ञान व गणित शिकवणे हा या पदवीधरांचा जुना मार्ग आहे. गणित घेतलेल्या बी.एस्सी. पदवीधराला अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षालाही प्रवेश मिळू शकतो. संगणक क्षेत्र, बँका, स्पर्धा परीक्षा आणि उपकरण उद्योग यांतही हे पदवीधर काम करतात.

टीका आणि आव्हाने

संलग्नतेच्या पद्धतीत अभ्यासक्रम सर्वांना सारखा असतो, पण साधने सारखी नसतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पुणे, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांत पसरलेले आहे. पुणे शहरातील आणि अकोल्यासारख्या डोंगराळ तालुक्यातील संलग्न महाविद्यालयांनी शिकवायचा पाठ एकच असतो. मात्र एका उपकरणाभोवती दोन विद्यार्थी उभे आहेत की सहा, यावर त्यांच्या शिक्षणाचा दर्जा अवलंबून असतो.

निरीक्षणे आधीच्या वर्षीच्या प्रयोगवहीतून उतरवणे किंवा अपेक्षित उत्तर येईल असे आकडे मागून बसवणे हा या शिक्षणातील जुना दोष मानला जातो. प्रयोगाचे गुण ‘बरोबर’ उत्तराला दिले गेले, की या प्रवृत्तीला खतपाणी मिळते. लोलकाच्या प्रयोगात पुण्यात ९.८१ हे उत्तर लिहिणारा विद्यार्थी पुस्तकाशी जुळतो, पण त्याच्या गावाच्या गुरुत्व त्वरणाशी जुळत नाही. त्यामुळे गुण उत्तराऐवजी निरीक्षणांची प्रामाणिक नोंद, त्रुटींचा अंदाज व कारणमीमांसा यांना द्यावेत, असे मत मांडले जाते.

नव्या रचनेविषयीही दोन मते आहेत. विषयांची विविधता, मध्येच थांबून पुन्हा परतण्याची मुभा आणि पदवीतच मिळणारा संशोधनाचा अनुभव या तिच्या जमेच्या बाजू मानल्या जातात. दुसरीकडे, अनेक लहान विषयांत श्रेयांक विभागले गेल्यामुळे पहिल्या दोन वर्षांत मुख्य विषयाला व प्रयोगशाळेला मिळणारा वेळ आकसतो, असा आक्षेप घेतला जातो. भौतिकशास्त्रात प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा असतो आणि यामिकी कच्ची राहिली तर पुंजयामिकी समजत नाही. त्यामुळे या विषयाच्या बाबतीत हा आक्षेप अधिक तीव्रतेने मांडला जातो.